खुराक कुणाचा, मैदान कुणाचं

प्रस्तावना

रग्बी खेळण्याचे पैसे घेणं हा १९९५च्या ऑगस्टपर्यंत गुन्हा मानला जाई. त्या महिन्यात पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानं ही बंदी उठवली आणि शंभर वर्षांचं एक सोवळं संपलं. ज्यांना ते पाळणं परवडत होतं त्यांनीच ते इतरांवर लादलं होतं. इंग्लंडच्या उत्तरेतले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामना खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. निदान तेवढी भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं. लंडनच्या बड्यांनी ते फेटाळलं आणि १८९५मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढं वेल्सच्या खाणींतले कितीतरी उमदे खेळाडू पैशासाठी त्या क्लबांकडे गेले. जो गेला त्याला जुन्या क्लबचं दार बंद. तो ‘विकला गेला’ हे सगळ्यांना दिसलं. तो का गेला, हे विचारण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

घर सोडून परमुलखातल्या श्रीमंत क्लबांकडे जाणारे व्यावसायिक खेळाडू हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्यात फिजी, सामोआ, टोंगा आहे, फ्रान्स, इंग्लंड, जपान आहे. कोल्हापूरच्या वाचकाला यातला रग्बीचा खेळ नवखा वाटेल. अलीकडे इथल्या शाळा-कॉलेजांतली मुलंमुली तो लंबगोल चेंडू घेऊन पळताना दिसतात, पण रग्बीचे नियम विचारले तर शंभरातले नव्वद जण हात वर करतील. खेळाडूचं गाव सोडणं मात्र आपल्याला अजिबात नवं नाही. आपण ते दोन्ही अंगांनी पाहिलं आहे. एका काळी दुसऱ्यांची पोरं खेचून घेणारा श्रीमंत क्लब आपण होतो, आणि आपली पोरं बाहेर जाताना पाहणारं गावही आपणच आहोत. म्हणून या विषयाची प्रस्तावना कोल्हापुरात बसून लिहिणं मला गैर वाटत नाही.

आधी श्रीमंत क्लबाची गोष्ट. शाहू महाराज १९०२मध्ये युरोपला गेले. त्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या जुन्या क्रीडागाराची आठवण ठेवून त्यांनी खासबागेचं मैदान उभं केलं, ते १९१२मध्ये. कुठंही बसा, मधला हौदा स्पष्ट दिसतो, अशी त्याची बांधणी. पण नुसत्या मैदानानं मल्ल येत नाहीत. महाराजांनी पेठापेठांत तालमी बांधल्या, पैलवानांना खुराक लावून दिला, जिंकणाऱ्याला इनाम दिलं आणि हरणाऱ्यालाही उपाशी ठेवलं नाही. परिणाम असा झाला की पंजाबचे नामांकित मल्ल या दरबाराची वाट चालू लागले. आज एखादा तरुण फ्रान्सला जाताना ज्या तीन गोष्टी बघतो, म्हणजे बांधलेला पैसा, चांगला शिकवणारा आणि तोडीस तोड जोड, त्या तिन्ही शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका जागी मिळत होत्या.

संस्थानं विलीन झाली तरी ही ओढ ओसरली नाही. १९५९चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. चंबा मुतनाळ बेळगावकडचे. हरिश्चंद्र बिराजदार थेट लातूर भागातून येऊन गंगावेश तालमीत घडले आणि १९६९ला महाराष्ट्र केसरी झाले. दीनानाथ सिंह तर उत्तर प्रदेशातून आले, १९६६ला महाराष्ट्र केसरी आणि १९७१ला हिंदकेसरी झाले आणि कोल्हापूरकरच होऊन गेले. या सगळ्यांच्या गदा आपण आपल्या खात्यावर मांडल्या, आणि त्यात चूक काही नाही. घाम इथल्याच मातीत जिरला होता. पण लातूरच्या एखाद्या वस्तादाला त्या काळी काय वाटलं असेल, याचा विचार आपण केला नाही. आपल्याकडे आलेला तो ‘कोल्हापूरचा’ आणि आपल्याकडून गेलेला तो ‘पैशाला भुलला’, असा हा हिशेब आहे. जगातल्या प्रत्येक क्लबाचा आणि प्रत्येक गावाचा हिशेब असाच असतो. हे एकदा कबूल केलं की पुढचं वाचन सोपं जातं.

आता दुसरी बाजू. भाऊसाहेब निंबाळकर १९१९मध्ये कोल्हापुरात जन्मले. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर आला असताना समोरच्या संघाचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढं खेळायला तयार झाले नाहीत आणि सामना तिथंच संपला. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या कारकिर्दीतली संघांची यादी मात्र कुणी बघत नाही: बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे. चांगला खेळाडू त्या काळी आश्रय शोधत फिरायचा आणि आश्रय म्हणजे संस्थान किंवा सरकारी खातं. इंदूरच्या होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना १९२३मध्ये बोलावून आपल्या फौजेत हुद्दा दिला. पुढं त्याच होळकर संघानं १९४५ ते १९५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. कप्तानपदाचा गणवेश हा त्या वेळचा करारनामाच होता. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले आणि उन्हाळ्यात लँकेशरच्या लीगमध्येही खेळले. निंबाळकरांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. २०१२मध्ये ते गेले ते कोल्हापुरातच. इतकी मैदानं पालथी घालूनही माणूस गावाचा राहू शकतो, याचं इतकं साधं उदाहरण दुसरं नाही.

रग्बीत १९९५नंतर जे झालं ते याच जुन्या आश्रयाचं नवं, चेकबुक घेऊन आलेलं रूप. फ्रान्सच्या टॉप १४ स्पर्धेत टेलिव्हिजनचा पैसा, नगरपालिकांची मैदानं आणि हौशी धनिक एकत्र आले. तुलोंच्या क्लबचे तेव्हाचे मालक मुराद बुजेलाल हे मुळात चित्रकथांची पुस्तकं छापणारे प्रकाशक. त्यांनी २००९मध्ये इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनला आणलं, पाठोपाठ जगभरचे तारे गोळा केले आणि २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षं युरोपचं विजेतेपद घरी नेलं. मोंपेलिएचे मालक मोहेद अल्त्राद सीरियातल्या बेदुईन कुटुंबात जन्मलेले. घर सोडून आलेल्या माणसानं घर सोडून आलेल्या खेळाडूंचा संघ बांधावा, हा योगायोग मला बोलका वाटतो. इंग्लंडच्या ब्रिस्टलनं २०१८मध्ये चार्ल्स पिउटाऊला घेतलं तेव्हा वर्षाला दहा लाख पौंडांचा आकडा वृत्तपत्रांत छापून आला. जपानमध्ये तर क्लब हे कारखान्यांचेच संघ. तिथं खेळ कमी दिवस, पगार वेळेवर.

या बाजाराचा सर्वांत मोठा पुरवठादार म्हणजे प्रशांत महासागरातली तीन छोटी राष्ट्रं. फिजीची वस्ती नऊ लाखांच्या आसपास, सामोआची दोन लाख, टोंगाची जेमतेम एक लाख, म्हणजे कोल्हापूर शहराच्या पाचव्या हिश्श्याइतकी. तरीही न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, फ्रान्स, जपान या सगळ्यांच्या राष्ट्रीय संघांत या बेटांचं रक्त खेळतं. फ्रान्सच्या क्लेरमाँ क्लबनं फिजीतल्या नांद्रोगात स्वतःची प्रबोधिनी काढली. तिथून निघालेला आलिवेरेती राका पुढं फ्रान्सच्याच निळ्या जर्सीत दिसला. मायकेल लीच हा फिजियन आईचा, न्यूझीलंडमध्ये जन्मलेला मुलगा पंधराव्या वर्षी जपानच्या शाळेत शिकायला गेला आणि २०१५च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेला हरवणाऱ्या जपानचा कर्णधार झाला. पंधराव्या वर्षी घर सोडून मोठ्या वस्तादाकडे राहायला जाणं, हे आपल्या तालमींत राहणाऱ्या कुठल्याही पोराला समजावून सांगायला नको.

एका फिजियन खेळाडूच्या पगारावर किती माणसं जगतात, हे समजून घेतल्याशिवाय या स्थलांतरावर मत देऊ नये. आई-वडील, भावंडं, चुलते, गावाचं चर्च, शाळेची फी. पगाराच्या दिवशी पैसे घराकडे निघतात आणि करार संपतो तेव्हा खेळाडूच्या हातात शिल्लक फारशी नसते. गुडघा निकामी झाला, करार वाढला नाही, भाषा येत नाही, थंडी सोसवत नाही, अशी माणसं फ्रान्सच्या लहान शहरांत खालच्या श्रेणीचे सामने खेळत राहतात. सामोआच्या डॅन लिओनं पॅसिफिक खेळाडूंसाठी कल्याणसंस्था उभी केली आणि २०२०मध्ये या साऱ्या व्यवहारावर माहितीपटही केला, तो याच अनुभवातून. तारे सगळ्यांना दिसतात. पुढच्या पानांत मात्र या मधल्या फळीचं दर्शन जास्त आहे, आणि मला तोच या लेखनाचा गुण वाटतो.

यातून निघणारा मोठा वाद म्हणजे क्लब की देश. नियम सांगतो की आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या ठरलेल्या काळात क्लबनं खेळाडूला सोडलंच पाहिजे. पण करार करतानाच ‘देशाकडून खेळणार नसशील तर रक्कम वाढवू’ असं सुचवलं, तर तो दबाव कागदावर कुठं दिसणार? बेटांच्या खेळाडूंनी अशा दबावाबद्दल उघड तक्रारी केल्या आहेत. श्रीमंत राष्ट्रांनी उलट उपाय केला. न्यूझीलंड बाहेर खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात घेतच नाही. ऑस्ट्रेलियानं २०१५मध्ये साठ कसोट्या खेळलेल्यांना सूट दिली. २०२२पासून आंतरराष्ट्रीय नियमच बदलला आणि आधी एका देशाकडून खेळलेल्यालाही तीन वर्षं थांबून आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या किंवा आपल्या जन्माच्या देशाकडून खेळायची मुभा मिळाली. तोच दहा लाख पौंडांचा पिउटाऊ, आधी न्यूझीलंडकडून खेळलेला, त्या वर्षी टोंगाच्या लाल जर्सीत उतरला.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हा वाद १९५२मध्येच होऊन गेला आहे. इंग्लंड दौऱ्याच्या संघात जागा नक्की आहे का, असं विनू मंकड यांनी आधी विचारलं. भारतीय क्रिकेट मंडळानं शब्द दिला नाही. मंकड यांनी लँकेशरच्या हॅसलिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली, तेव्हा मंडळाला मंकड आठवले. क्लबशी बोलणी करून त्यांना लॉर्ड्ससाठी सोडवून घेतलं. त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, पाच गडी बाद केले. भारत हरला, पण ती कसोटी आजही मंकडच्या नावानं ओळखली जाते. पैसा घेऊन बाहेर गेलेल्या माणसाची निष्ठा आटते, हा समज त्या एका सामन्यानं मोडीत काढायला हवा होता.

कोल्हापुरात आज हा प्रश्न सर्वांत जिवंत आहे तो फुटबॉलमध्ये. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ या नावांवर इथं माणसं भांडतात, रुसतात आणि शाहू स्टेडियमवर उन्हातान्हात गर्दी करतात. यातली कित्येक नावं तालमींची आहेत. जिथं मल्ल घडत त्याच पेठेच्या कट्ट्यावरून संघ उभा राहिला, त्याचा खर्च पेठेनं वर्गणीतून आणि स्थानिक नेत्यांच्या पाठबळावर भागवला. अलीकडच्या काळात नायजेरियाहून आलेले खेळाडूही याच पेठांच्या जर्सीत दिसले. म्हणजे पुन्हा एकदा आपण कुणाचा तरी ‘परमुलखातला क्लब’ झालो. त्या पोरांच्या घरी, लागोसला किंवा आणखी कुठं, कोण वाट बघत असेल, हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर निघत नाही. गोल मारला की नाही, एवढाच निघतो. तुलोंच्या प्रेक्षकांनी फिजियन पोरांना याहून वेगळं वागवलं असेल असं मानायला जागा नाही.

इथून बाहेर गेलेल्यांत अनिकेत जाधवचं नाव आज प्रत्येक पोराला ठाऊक आहे. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढं इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा प्रवास झाला. विशीच्या आतच तो काही काळ इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला. तो क्लब २०१०पासून पुण्याच्या व्यंकीज या कोंबड्यांच्या उद्योगाच्या मालकीचा आहे. जग किती आत आलंय बघा: कोल्हापूरचा मुलगा, पुण्याचा मालक आणि लँकेशरचं मैदान.

पण श्रीमंत क्लबांवर विसंबणं किती धोक्याचं असतं, हेही पुण्यानंच दाखवलं. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी हे चारही संघ २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत एकामागून एक बंद पडले. इंग्लंडच्या रग्बीत २०२२मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स बुडाले, दुसऱ्या वर्षी लंडन आयरिश. २०२५मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम हक्कांच्या करारावरून रखडला तेव्हा क्लबांनी पगार आणि सराव थांबवल्याच्या बातम्या आल्या. ज्या पेठेच्या संघाकडे स्वतःचं मैदान नाही, की टेलिव्हिजनचा करार नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कोट्यवधींचा क्लब पाच वर्षांत नाहीसा होतो. मालकाचा रस संपला की क्लब संपतो. पेठ मात्र कुणा एकाच्या रसावर चालत नाही.

मग घरीच राहावं का? त्याचं उत्तर पैलवान खाशाबा जाधवांच्या आयुष्यात शोधावं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम कॉलेजात शिकला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२च्या हेलसिंकीसाठी गावानं वर्गणी जमवली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. ते कुठल्याही परक्या क्लबाकडे गेले नाहीत. पोलीस खात्यात नोकरी केली, निवृत्तिवेतनासाठी झगडले, १९८४मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. गावानं आणि गुरूनं शब्द पाळला, पण व्यवस्थेनं पाठ फिरवली. घरी राहणाऱ्याला घर काय देतं, हा प्रश्न ज्यांनी कधी विचारला नाही त्यांना बाहेर जाणाऱ्याच्या निष्ठेवर बोलण्याचा अधिकार पोचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की भांडण जाण्याचं नाही, हिशेबाचं आहे. पैलवान घडतो तो आईनं धाडलेल्या दुधा-तुपावर, बापानं विकलेल्या म्हशीवर आणि वस्तादानं पहाटे घेतलेल्या जोरावर. फुटबॉलपटू घडतो पेठेच्या वर्गणीवर. करारावर सही होते तेव्हा यातलं कुणीही टेबलावर नसतं. जागतिक फुटबॉलनं २००१मध्ये निदान एक नियम केला: खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली तर रकमेचे पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. पण त्यासाठी कोणत्या वर्षी कोणता मुलगा कुणाकडे खेळला, याची रीतसर नोंद लागते. आपल्या पेठांच्या संघांचा कारभार विश्वासावर आणि ओळखीवर चालतो. उद्या एखादा मुलगा खरंच युरोपात गेला तर ज्या कट्ट्यानं त्याला बूट घेऊन दिले त्याच्याकडे ते सिद्ध करणारा कागद असेल का? हे काम नाट्यमय नाही, पण एका रजिस्टरनं होण्यासारखं आहे आणि ते आजपासून करता येतं.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. फिजीनं २०२२पासून आपला व्यावसायिक संघ, फिजियन द्रुआ, सुपर रग्बीत उतरवला. घरी राहूनही चांगला पगार मिळू लागला. पुढच्याच वर्षी, २०२३च्या विश्वचषकात, द्रुआचे खेळाडू मोठ्या संख्येनं असलेल्या फिजीनं १९५४नंतर पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला हरवलं. बाहेर जाणारे अजूनही जातात, पण आता ते निवड म्हणून जातात. कुस्तीतही हेच घडलं आहे. लातूरहून कोल्हापूरला आलेले बिराजदार पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली घडलेल्या बीडच्या राहुल आवारेनं २०१८मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. एका माणसाच्या गाव सोडण्यानं तीन जिल्ह्यांचा फायदा झाला. कोल्हापूरच्या विनोद चौगुलेनं २०००मध्ये आणलेली महाराष्ट्र केसरीची गदा पुन्हा इथं यायला मात्र २०२२ उजाडलं, ती पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावर. तोवर पुण्याच्या तालमींत पैसा, मॅट आणि प्रशिक्षक जमले होते. ज्या शहराला पोरं यावीत असं वाटतं त्यानं शाहू महाराजांनी केलं ते करावं लागतं: खुराक, वस्ताद आणि जोड यांची सोय. आठवणींवर मल्ल पोसले जात नाहीत.

हे वाचताना कोल्हापूरच्या वाचकानं दोन खुर्च्यांवर आळीपाळीनं बसावं अशी माझी विनंती आहे. एकदा फिजीतल्या गावच्या, एकदा फ्रान्समधल्या क्लबच्या. पहिल्या खुर्चीवर बसून राग येईल, दुसऱ्या खुर्चीवर लाज वाटेल. दोन्ही भावना खऱ्या आहेत, कारण आपण दोन्ही होतो आणि आजही आहोत. त्यानंतर आपल्या पेठेतलं पुढचं पोर बाहेर निघालं तर त्याला अडवू नये, हिणवूही नये. त्याचा करार एखाद्या जाणकार वकिलाकडून वाचून घ्यावा, दुखापतीचं कलम बघावं, त्याच्या नावाची नोंद ठेवावी आणि परत येईल तेव्हा त्याला शिकवायला एक मैदान मोकळं ठेवावं. गाव खेळाडूवर हक्क सांगू शकतं, पण आधी त्यानं हे एवढं केलेलं असलं पाहिजे.